एकाच अक्षरांनी सुरू होणारे इंग्रजी शब्द एकाच वाडीतले असतात का?

कार्लीकाठ

नमस्कार मंडळी. मी देवबागची, तालुका मालवण. एका अंगाला कार्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची घरं. दोन खोल्या पर्यटकांना देतो. रांधणं-वाढणं माझ्याकडे, होडी घरच्यांकडे. माझं शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत.

गेली सहा वर्षं मी एक वही भरते आहे. जुनी टेलिफोन डायरी आहे, कडेला ए पासून झेडपर्यंत पायऱ्या कापलेली. पाहुण्यांच्या तोंडून नवा इंग्रजी शब्द कानावर आला की रात्री ओटा पुसून झाल्यावर त्या त्या अक्षराच्या पानावर लिहायचा, समोर मराठी अर्थ. मला हवं म्हणून करते, दुसरं कारण नाही.

आता प्रश्न कशावरून पडला ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्यांनी निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या. एका ओळीत पडवीतला संध्याकाळचा ग्लो, दुसऱ्या ओळीत खोलीतला ग्लेअर. माझ्या डायरीत दोन्ही शब्दांसमोर एकच अर्थ लिहिलेला होता, चमक, उजेड. मला वाटलं, दोन्ही ओळी कौतुकाच्याच. खोलीतली पांढरी ट्यूब तशीच राहिली. पुढच्या मोसमात एक शिक्षिका उतरल्या होत्या. त्यांना ते पान दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ग्लेअर म्हणजे डोळ्यांना खुपणारा उजेड. ही तक्रार आहे." मला फार वाईट वाटलं. माणसाने सांगितलेलं असूनही मी वर्षभर ते दुरुस्त केलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ट्यूब काढून पिवळे दिवे लावले.

त्या रात्री जी चं पान परत वाचलं. जी-एल ने सुरू होणारे अकरा शब्द होते: ग्लो, ग्लेअर, ग्लिटर, ग्लास, ग्लॉसी, ग्लान्स, ग्लिम्प्स, ग्लिसन, ग्लू, ग्लव्ह, ग्लॅड. पहिले आठ उजेडाशी नाहीतर बघण्याशी जोडलेले. शेवटचे तीनच वेगळे. मग एस चं पान काढलं. एस-एन चे शब्द: स्नीझ, स्नोअर, स्निफ, स्नॉर्कल, स्नॅक, स्नॅपर, स्नेक, स्नो. शिंकणं, घोरणं, हुंगणं. तीन तर सरळ नाकाचेच!

शाळेत असताना एकदा विचारलं होतं की अमुक शब्दाचा अर्थ अमुकच का. उत्तर मिळालं, इंग्रजी पाठ करायचं असतं, त्यात "का" नसतं. मी गप्प बसले, पण ते मनातून गेलं नाही.

तर जाणकारांनी सांगावं. हे खरंच काही आहे, की रात्री जागून मला भलतंच दिसायला लागलंय? आणि खरं असेल तर ग्लू आणि ग्लव्ह तिथे कसे येऊन बसले?

पेठकिल्ला मास्तर

ताई, तुमच्या वहीला आधी नमस्कार. मी रत्नागिरीत 34 वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवातीची बरीच वर्षं मीही मुलांना "पाठ करा" एवढंच सांगत होतो, म्हणून तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं.

तुम्हाला दिसलं ते खरं आहे. इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 साली याला नाव दिलं, फोनेस्थीम. म्हणजे शब्दाचा असा तुकडा, ज्याला एकट्याला अर्थ नसतो, पण तो असलेले पुष्कळ शब्द एकाच अर्थाभोवती गोळा झालेले असतात. नुसत्या "ग्ल" ला काही अर्थ नाही. तरी ग्लिटर, ग्लिमर, ग्लीम, ग्लिंट, ग्लो एका रांगेत उभे राहतात. फर्थच्याही आधी, 1653 मध्ये, जॉन वॉलिस या गणितज्ञाने इंग्रजीचं व्याकरण लिहिताना अशा जोड्या टिपून ठेवल्या होत्या. गणितात अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह काढतात ना, ते रूढ करणारे हेच वॉलिस. डब्ल्यू-आर ने सुरू होणाऱ्या शब्दांत पीळ किंवा वाकडेपणा असतो, हे त्यांनी तेव्हाच लिहिलं.

हे नुसतं कोशात दिसतं की माणसाच्या डोक्यातही असतं, हा पुढचा प्रश्न. बेंजामिन बर्गन यांचा 2004 सालचा प्रयोग आहे. पडद्यावर एक शब्द दाखवायचा, लगेच दुसरा दाखवायचा आणि तो ओळखायला माणसाला किती वेळ लागतो ते मोजायचं. ग्लिटर पाठोपाठ ग्लो आला की लोक झटकन ओळखत. नुसता अर्थ जुळणाऱ्या किंवा नुसती अक्षरं जुळणाऱ्या जोड्यांना तेवढा वेग येत नव्हता. म्हणजे इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ही रांग आहे, त्याला ती कोणी शिकवलेली नसली तरी.

आता तुमचे वेगळे तीन. ग्लॅड त्यातला नाही, त्याला परत रांगेत घ्या. जुन्या इंग्रजीत ग्लॅड म्हणजे उजळ, चमकणारा. आनंदाने चेहरा उजळतो, तिथून तो "आनंदी" झाला. ग्लू मात्र लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला, त्याचा उजेडाशी संबंध नाही. ग्लव्ह हा जुना घरचाच शब्द, पण वेगळ्या कुळातला. असे राहणारच. हा कायदा नाही, ओढा आहे.

ओढा कसा काम करतो त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण तुमच्याच पानावर आहे: स्नीझ. हा शब्द पूर्वी एस ने सुरूच होत नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला एफ-एन होते. मोठ्याने "फ्न" म्हणून बघा, शिंकेचा आवाजच येतो. पुढे एफ-एन ने सुरू होणारे शब्द इंग्रजीतून नाहीसे होत गेले. शिवाय त्या काळचं लांबट एस हे अक्षर एफ सारखंच दिसायचं. स्नोअर, स्नाउट, स्नॉट असे नाकवाले शब्द शेजारी होतेच. शिंक आपोआप त्यांच्यात येऊन बसली.

स्नॉर्कल पण नाकाचाच बरं का. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना पाण्याखाली हवा घ्यायला नळी बसवली, तिला खलाशांनी नाक, थोबाड या अर्थाचा बोलीतला शब्द लावला. जर्मनमधल्या घोरण्याच्या शब्दाचा तो नातलग. स्नॅक आणि स्नॅपर हे दुसऱ्या टोळीतले, चटकन तोंड घालणारे. स्नॅप म्हणजे कडकन चावा. तुम्ही जिला तांबोशी म्हणता ती रेड स्नॅपर, जबड्याने कडकन धरते म्हणून. स्नेक आणि स्नेल सरपटण्याच्या मुळातून आलेले. आणि स्नो या तिन्ही टोळ्यांतला नाही.

एक काम देतो. स्निअर हा शब्द तुमच्या वहीत नाही. अर्थ न बघता सांगा.

कार्लीकाठ

मास्तर, नाक मुरडणं?

(नंतर कोशात बघितलं. तुच्छतेने ओठ-नाक वाकडं करून हसणं असं दिलंय. अंगावर काटा आला. न शिकवलेल्या शब्दाचा अर्थ लागला.)

स्नॉर्कलचं वाचून हसू आलं. आमच्या इथे मोसमात किनाऱ्यावर दिवसभर तोच एक शब्द ऐकू येतो. पाहुण्यांना पहिली सूचनाच ही असते की नाक काचेच्या आत बंद राहील, श्वास तोंडाने घ्यायचा. नळी तोंडात आणि नाव नाकाचं.

तुम्ही ग्लिमर, ग्लीम आणि ग्लिंट असे तीन नवे दिलेत. या वेळी मी तिन्हींसमोर "चमक" लिहिलं नाही. एकदा फसले आहे. शिक्षिकाबाईंनी सांगितलं होतं की शब्दाला वस्तू शोधा, म्हणून चार दिवस कोशात अर्थ बघून घरात आणि पुळणीवर त्याची वस्तू शोधत होते. जे सापडलं ते लिहिते, चुकलं तर सांगा.

ग्लो: चुलीतला निखारा, ज्वाळ विझल्यावर. आतून येणारा, न हलणारा.

ग्लेअर: मे महिन्यात दुपारी बाराला पुळणीकडे बघवत नाही, तो.

ग्लिसन: ओलं असून चमकणारं. सकाळी टोपलीत पडलेला ताजा बांगडा. तोच दुपारी सुकला की ग्लिसन गेला, बांगडा तोच.

ग्लिटर: चांदण्या रात्री समुद्र, तुटक तुटक, हजार ठिकाणी एकदम.

ग्लिमर: रात्री लांब पाण्यावर एखाद्या होडीचा दिवा मिणमिणतो, आहे की नाही कळत नाही असा.

ग्लिंट: घरचे कोयती पाजळून झाल्यावर पातं उन्हात फिरवून बघतात, तेव्हा डोळ्यावर एकदाच टिपकन येतो तो.

ग्लीम: चिंच लावून घासलेली समई.

हे लिहिताना मला एक गोष्ट कळली. पहिल्या दोन अक्षरांवरून वाडी कळते. घर मात्र विचारत विचारतच जावं लागतं. मी वाडीत पोचून पहिल्याच घराचं दार वाजवलं होतं.

एक अडलंय. थंडीच्या दिवसांत कधीमधी रात्री लाट फुटते ती निळी पेटते. ओल्या वाळूत पाय टाकला तरी पायाभोवती निळं उमटतं. पाहुणे वेडे होतात. त्याला यातला कुठला शब्द? ग्लो म्हणावं तर निखारा गरम आणि हे थंड पाणी.

पेठकिल्ला मास्तर

ग्लोच. आतून येतो तो ग्लो, गरम असो वा थंड. काजव्याच्या जातीतल्या किड्याला इंग्रजीत ग्लो-वर्म म्हणतात, तोही थंडच. लाटेतलं ते निळं म्हणजे नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव, पाणी हललं की उजळणारे. नावाचा लॅटिन अर्थ रात्रीचा उजेड.

तुमची बांगड्याची व्याख्या मला शिकवताना सुचली असती तर बरं झालं असतं.

देवगडची आई

फार छान चाललंय, मध्येच येते म्हणून माफ करा. माझी मुलगी नववीत आहे. तिचा घोळ वेगळा. सुरुवात सारखी असली की ती शब्दच अदलाबदल करते. अडॅप्ट, अडॉप्ट, अडेप्ट. डेझर्ट, डिझर्ट. स्टेशनरी दोन प्रकारची. त्यालाही असाच काही उपाय आहे का?

पेठकिल्ला मास्तर

त्याचं कारण उलटं आहे, ताई. तिथे अक्षरं जुळतात पण कूळ जुळेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक शब्दाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणं, त्यात अॅप्ट म्हणजे योग्य, जोगतं. अडॉप्ट म्हणजे दत्तक घेणं किंवा स्वीकारणं, त्यात ऑप्ट म्हणजे निवडणं. अडेप्ट म्हणजे तरबेज. मधला तुकडा सुटा करून दाखवा, तिच्या लक्षात राहील.

स्टेशनरीची गोष्ट मुलांना आवडते. पूर्वी बहुतेक विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. पुस्तकवाले मात्र एका जागी दुकान मांडून बसत, म्हणून त्यांना स्टेशनर म्हणत. त्यांच्याकडचा माल तो स्टेशनरी, कागद-पेन. "एका जागी थांबलेला" या अर्थाचा स्टेशनरी त्याच मुळाचा, फक्त शेवटाकडे ई च्या जागी ए. कागदाच्या पेपर मध्ये ई आहे, तसा कागदाच्या स्टेशनरीतही ई. डिझर्टचं तिला पानात बसवून शिकवा: गोडाचं दुसऱ्यांदा वाढायला हवं म्हणून त्यात एस दोनदा.

काथ्या

ताई, मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्या घरात आजोबांपासून काथ्याचं काम. इंग्रजी बेताचं, पण मास्तरांनी डब्ल्यू-आर मध्ये पीळ असतो म्हटल्यावर राहवलं नाही, कारण पिळातच आमचा जन्म गेला.

नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजत घालायची, मग धोपटून काथ्या मोकळा करायचा, हे तुम्हाला माहीत आहे. सुंभाची खरी गोम वळण्यात आहे. दोन पेड घ्यायचे. प्रत्येक पेड एका दिशेला पिळायचा. मग ते दोन्ही पेड एकमेकांवर उलट दिशेला वळायचे. पेडाचा पीळ सुटायला बघतो, तर सुटता सुटता तो वरचा पीळ आणखी आवळतो. दोघांची ओढ एकमेकांना धरून ठेवते, म्हणून गाठ न मारताही सुंभ उलगडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. राखेतही पीळ दिसतो.

माझी मुलगी बारावीला आहे. तिने मला दाखवलं की आमच्या बंडलांवर छापलेला ट्वाइन हा शब्द मुळात "दोन" या शब्दापासून झालाय, दुपदरी दोरा. ट्विस्ट पण तिथलाच. मग तिने कोश घेऊन टी-डब्ल्यू ची ओळ लावली: टू, ट्वाइस, ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, बिट्वीन च्या पोटातला ट्वीन. सगळीकडे दोन. ट्वेल्व्ह म्हणजे दहा मोजून झाल्यावर दोन उरले, ट्वेंटी म्हणजे दोन दहा. टू मधला डब्ल्यू आता कोणी उच्चारत नाही, पण त्याच्या भावंडांनी तो सोडलेला नाही.

ट्वायलाइट पण त्यातलाच निघाला. लाइट म्हणजे उजेड आणि पुढचं ट्वाय म्हणजे दोन. यावर आमच्याकडे जेवताना चर्चा झाली. इंग्रजांनी त्या वेळेला दोन लावले आणि आपण तिन्हीसांजा म्हणतो, तीन लावतो. आईने सांगितलं, मोजायचं काय त्यात, दिवा लावा.

मास्तर, डब्ल्यू-आर चं अजून सांगा. मुलीला रिस्ट, रॅप, रेंच एवढे आठवले.

पेठकिल्ला मास्तर

रिस्ट, मनगट, हात जिथे वळतो ती जागा. रॅप, गुंडाळणं. रेंच, पाना, किंवा हिसडून पिळणं. यात रिंग घाला, ओला कपडा पिळणं. रेसल, कुस्तीतली धरपकड. रिगल, वळवळणं. रीथ, फुलांचं कडं. रिंकल, सुरकुती. राय, वाकडा. या सगळ्यांत पहिला डब्ल्यू लिहितात पण बोलत नाहीत. पूर्वी बोलत असत.

आणि राँग. राँगचा जुना अर्थ चूक नव्हता, वाकडा होता. आपणही "त्याचं वाकडं पाऊल पडलं" म्हणतो तेव्हा पायाबद्दल बोलत नसतो.

पुळणीवरचं संस्कृत

मी मूळची गुहागरची, पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. करते. काथ्या दादा, तुम्ही "वळतो" म्हणालात तिथे थांबले. आपल्याकडे फिरण्या-वाकण्याचे केवढे शब्द व ने सुरू होतात बघा: वळण, वळसा, वाकणं, वेढा, विळखा, वेटोळं, वाटोळं, वर्तुळ. यातले वर्तुळ आणि वाटोळं संस्कृत वृत् धातूचे, फिरणं. आणि राँग, रिस्ट, रीथ हे ज्या अतिप्राचीन मुळाशी नेतात, वृत् पण त्याच मुळाशी जातो. म्हणजे इथे नुसता ओढा नाही, रक्ताचं नातं आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. काही शब्द शेजार लागल्यामुळे सारखे होतात, स्नीझसारखे. काही मुळातच भावंडं असतात, टी-डब्ल्यू सारखे.

ताई, जी-एल च्या पानावर आणखी एक गंमत आहे. ग्लो आणि ग्लास ज्या मुळाचे मानतात, त्याच मुळाचे गोल्ड आणि यलो. संस्कृतात त्याच मुळातून हिरण्य म्हणजे सोनं आणि हरि म्हणजे पिवळट, हिरवट रंग. हरि पासून हरिद्रा, आपली हळद. हरित पासून हिरवा. तुमच्या चुलीतल्या निखाऱ्याचा ग्लो आणि डब्यातली हळद, दूरचे का होईना, भाऊबंद आहेत.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते डब्ल्यू-एच. हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, विच. मराठीत: कोण, काय, केव्हा, कुठे, कोणता. त्यांचे जवळजवळ सगळे प्रश्न एका अक्षरजोडीने सुरू होतात, आपले क ने. हा योगायोग नाही. जुन्या इंग्रजीत हे शब्द आधी एच आणि मग डब्ल्यू असे लिहीत. ती एच म्हणजे मूळचा क. जर्मन-इंग्रजी कुळात क चा ह झाला, त चा थ झाला, प चा फ झाला. जेकब ग्रिम, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतले थोरले, यांनी 1822 मध्ये हा नियम मांडला. मग त चा थ लावून बघा: तो, तेव्हा, तिथे. दॅट, देन, देअर. पाच आणि फाइव्ह, पाय आणि फूट हे प चे.

के-एन पण बघा. नो म्हणजे जाणणं आणि नी म्हणजे गुडघा, दोन्हींत के लिहितात पण मुका. संस्कृतात ज्ञा आणि जानु. त्यांचा मुका के म्हणजे आपला ज. गुडघ्यापर्यंत हात पोचतात तो आजानुबाहू, त्यातला जानु तो हाच.

कार्लीकाठ

तुझं वाचलं आणि मी चुलीवरचं कालवण उतरवून ठेवलं, बाय. कारण मला जे दिसलं ते विसरायच्या आत लिहायचं होतं.

तू प्रमाण मराठी लावलीस. आमची मालवणी लाव.

खंय. थंय. हंय.

व्हेअर. देअर. हिअर.

सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं वय 78, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. इंग्रजी म्हणजे पाहुण्यांची गडबड एवढंच त्यांना माहीत. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ते आमच्यासारख्याच बोलतत." मला त्या वेळी काय वाटलं ते मी नीट लिहू शकत नाही. प्रमाण मराठी येत नाही म्हणून सासूबाई पाहुण्यांसमोर बाहेर येत नसत. मालवणी ऐकून कोणी काय म्हणेल, ही त्यांची भीती. काल एक कुटुंब उतरलं होतं, त्यांचं लहान पोर पायरीवर उभं होतं. सासूबाई स्वतः पडवीत आल्या आणि त्याला म्हणाल्या, "हंय ये." ते पोर मुंबईत वाढलेलं, इंग्रजी शाळेतलं. सरळ आलं.

पुळणीवरचं संस्कृत

ताई, डोळ्यांत पाणी आलं.

अभ्यास म्हणून एवढंच सांगते: खंयचा क आणि व्हेअरचा, थंयचा त आणि देअरचा, हे मुळातले नातलग. हंय आणि हिअर यांचा ह मात्र वेगवेगळ्या मुळांचा. तो शेजार आहे, नातं नाही. पण आजींना हे सांगायची घाई करू नका.

कार्लीकाठ

सांगितलं मी. त्यांना चालतं. म्हणाल्या, "शेजार बरो असलो तर नातां कित्याक व्हया?"

आता त्यांनाच नाद लागलाय. इंग्रजी राहू दे, आपल्यात असं आहे का बघ, म्हणाल्या. डायरी मागून उलटी केली आणि मराठीची पानं सुरू केली. काल संध्याकाळी भाकऱ्या करता करता फ चं पान भरलं. तव्यावर भाकरी फुगते. लाह्या फुलतात. नारळ फुटतो. डाळीला फेस येतो. चूल फुंकतात. फोडणी फडफडते, आणि फोडणी हा शब्दच फोडण्यातला. फुगा, फोड, फणा, फुरंगटणं, फुशारकी. आत काहीतरी भरतं, वर येतं, नाहीतर फाटून बाहेर पडतं. एका स्वयंपाकघरात एवढे सापडले, बाहेर अजून गेलेच नाही. स चं पान घरच्यांनी सुरू केलंय, होडी धक्क्याला लावताना शेवाळावरून पाय गेला तेव्हा: सरकणं, सुळकन, सटकणं, सरपटणं. इंग्रजीत एस-एल काढून बघितलं तर स्लिप, स्लाइड, स्लाइम, स्लिक, स्लिदर. त्यांचं शेवाळही तसंच दिसतंय.

एका शब्दावर मात्र अडलोय. सासूबाई म्हणतात फणस फ च्या पानावर पाहिजे, तो फुगलेलाच असतो आणि फोडावा लागतो. मला वाटतं फणस म्हणजे आपला ग्लव्ह, नुसता येऊन बसलेला. मास्तर, तुम्ही सांगा.

पेठकिल्ला मास्तर

संस्कृतात तो पनस आहे, प ने सुरू होणारा. फ त्याला मागाहून लागला. त्यामुळे माझ्या मते तो ग्लव्ह नाही, स्नीझ आहे. दुसरीकडून आला आणि या वाडीत राहिला. आजींचं बरोबर धरा.

कार्लीकाठ

पेनाने लिहिला.